मागचं विचारायचं नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की तुमच्या देवळातल्या कामाचे अनुभव लिहा, दोन-चार चमत्कार असतील तर उत्तमच. पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा आमची ही हसली. म्हणाली, "तुमी जल्मात एकदाच येळार जेवूक घराक इल्यात, तो चमत्कार. तोच लिवा." तेव्हा चमत्काराची हौस असलेल्यांनी पुढचं पान उलटावं. माझ्याकडे आहे ते एवढंच, एक तांब्याभर पाणी, फुलांच्या पाकळ्या आणि एक चूक.

मी जातीनं आणि कामानं गुरव, गाव मला दाजी म्हणतं. तारकर्लीहून खाडीच्या कडेनं चालत आलात की माडांच्या आत आमचं रवळनाथाचं देऊळ लागतं. सकाळी देवाला आंघोळ, पूजा, दुपारी नैवेद्य, संध्याकाळी दिवा, सणावारी झाडलोट. ह्या कामाबद्दल कोणी कधी गुरवाला शाबासकी दिलेली नाही. लोक माझ्याकडे येत ते कौल लावायला.

ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसाला काही अडलं की तो देवळात येतो. गुरव त्याचं म्हणणं देवापुढे मोठ्यानं मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. जमलेली माणसं मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग देवाच्या पाषाणावर उजवीकडे एक, डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी दोन मिनिटांत पडते, कधी दीड तास लागतो. गुडघे भरून येतात, पण बसायचं नसतं. पाकळी का पडते हे मला विचारू नका. देव पाडतो म्हणणारे भेटले, वारा पाडतो म्हणणारेही भेटले. मी आपला दार लोटून घ्यायचो, म्हणजे निदान वाऱ्याचं नाव यायला नको.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक नाना म्हणून होते, त्यांना मनासारखा कौल मिळेपर्यंत दम नसे. मुलीला कणकवलीच्या बाजूचं स्थळ आलं होतं, नानांना ते नको होतं आणि देव चार वेळा उजवी देऊन बसला. पाचव्यांदा लावायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "नानानू, देवाक दुसरी कामा पण आसत." मुलगी तिथंच दिली आणि सुखात आहे. शाळेचे एक मास्तर होते. वर्गात मुलांना सांगत की कौल म्हणजे अंधश्रद्धा, आणि स्वतःच्या बदलीचा कौल लावायला भर दुपारी यायचे, देवळात चिटपाखरू नसताना. मी कधी बोललो नाही. ह्या धंद्यात तोंड बंद ठेवता आलं पाहिजे.

आता 'कर्म' ह्या शब्दाकडे येतो, कारण माझी चूक त्याच्याशी बांधलेली आहे. आमच्याकडे हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो. भात करपला, 'कर्म माझा.' होडी चुकली, 'काय ह्या कर्म.' एकदा मालवणहून कीर्तनकार बुवा आले. त्यांनी संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असं कर्म तीन प्रकारचं असतं म्हणून दोन तास समजावलं. कणगीत साठवलेलं भात ते संचित, चुलीवर शिजतंय ते प्रारब्ध आणि हातात पेरायला घेतलेलं बियाणं ते क्रियमाण. मला ते फार पटलं. पण गावानं त्यातलं प्रारब्ध तेवढं उचललं, कारण त्यात स्वतःला काही करावं लागत नाही.

माझ्या बाबांना संस्कृत येत नव्हतं. पण मला पाकळी हातात देताना त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. "देवाक फुडला विचारूचा. मागला विचारूचा नाय." म्हणजे म्हैस हरवली तर शोधायला उत्तरेला जाऊ की दक्षिणेला, हे विचारायचं. म्हैस कोणी सोडली, हे विचारायचं नाही. आजारी माणसाला मालवणच्या डॉक्टराकडे न्यायचं का, हे विचारायचं. कोणाची नजर लागली, कोणाचं पाप भोवलं, हे नाही. मी का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाकळेक दोनच बाजू. माणूस नाव घेऊन इलो काय पाकळी त्या नावाक व्हय म्हणतली नायतर नाय म्हणतली. तिसऱ्या कोणाचा नाव तिका ठावक नाय." बाबा गेले तेव्हा मी तिशीच्या आत होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला भांडणं नको होती, म्हणून हा नियम.

अठ्ठावन-एकोणसाठचा सुमार असेल. नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या पाण्यात उतरल्या. आमच्या खालच्या वाडीत आनंदी म्हणून एका म्हातारीचं घर होतं. दोन मुलगे, थोरला रामा आणि धाकटा जयराम, दोघांत मिळून एक होडी. रामाचं लग्न झालेलं नव्हतं. जयरामाची बायको सुभद्रा, माहेर आचऱ्याचं, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी शालू. पौर्णिमेनंतर तिसऱ्या सकाळी जयराम एकटाच होडी घेऊन गेला. खाडीच्या तोंडापलीकडे होडी बुडाली. दुपारी ती उलटी होऊन किनाऱ्याला लागली, आणि जयराम दुसऱ्या दिवशी.

तेरावा झाला, गणपती झाले, आणि एके सकाळी आनंदी चार माणसं घेऊन देवळात आली. बरोबर रामा होता, गावचे थोरले मानकरी आबा होते, आणि मागे खांबाला टेकून सुभद्रा उभी होती. म्हातारी देवासमोर बसली आणि म्हणाली, "दाजीनू, माझो झील पट्टीचो पोवणारो. तो मरुचो नाय. होडी घेऊन निघताना हिणा त्याका मागसून हाक मारल्यान. शेजाऱ्यांनी आयकल्यानी. ही इल्यापासून माझ्या घराक बरा नाय. देवाक विचारा, हिच्या कर्मान गेलो काय तो?"

मी नाही म्हणायला हवं होतं. बाबांचे शब्द आठवलेही. पण म्हातारी जमिनीवर कपाळ आपटत होती, आबा माझ्याकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर ह्या गाऱ्हाण्यानं गावात नाव होईल, असंही कुठंतरी वाटलं. तरण्या गुरवाला एवढं पुरतं. मी पाकळ्या लावल्या आणि आवाज चढवून म्हटलं, "बा रवळनाथा, ह्या घरातलो कर्तो झील दर्यात गेलो, तो बायलेच्या कर्मान गेलो असात तर उजवी दी, नसात तर डावी दी."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

उजवी पडली. गुडघ्यांना कळ लागायच्या आतच पडली.

सुभद्रा रडली नाही. तिनं एकदा रामाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आबांनी तिथल्या तिथं सांगितलं की हिनं माहेरी जावं, पोर बापाच्या घरात राहील. दुसऱ्या दिवशी ती कपड्यांचं गाठोडं घेऊन खाडी ओलांडायला तरीवर चढली. शालू काठावर उभी राहून "आये, मी पण येतंय" म्हणून ओरडत होती आणि दोन बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. हे मी पाहिलं नाही, लोकांकडून ऐकलं. मी त्या वेळी घरी होतो. आबांनी माझ्या गाऱ्हाण्याची तारीफ केली होती आणि आमच्याकडे त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. मी चवीनं जेवलो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण जेवलो होतो हे खरं आहे.

पुढच्या महिन्यात पाणंदीत सखाराम भेटला. हा पूर्वी जत्रेला देवळाच्या पायरीखाली ढोल वाजवायचा. पुढे त्याची सगळी वाडी बौद्ध झाली आणि त्यानं ढोल खाली ठेवला. मला त्याचा राग होता, कारण तसा ढोल नंतर कोणाला वाजवता आला नाही. तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, "दाजीनू, त्या पोरीक तुमी काय सांगल्यात ता आयकलंय. आमका पण असाच सांगी होते. मागल्या जल्मात पाप केल्यात म्हणान पायरेखाली उभे ऱ्हवा. मागलो जल्म कोणी बघल्यान, तुमी बघल्यात?"

मी म्हटलं, "देवान उजवी दिल्यान."

"विचारल्यान कोणी?" तो म्हणाला आणि आपल्या वाटेनं गेला. त्या दिवसापासून दिवा लावताना माझा हात पाषाणाकडे नीट जाईना.

दसरा उलटल्यावर एका दुपारी रामा आला. देवळात दोघंच होतो. तो देवाकडे न जाता माझ्यासमोर बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. म्हणाला, "दाजीनू, देव चुकता?"

मी म्हटलं, "कित्याक?"

त्यानं सांगितलं ते असं. पावसाळाभर होडी जमिनीवर असते, फळ्या सुकतात, फटी पडतात. पौर्णिमेच्या आधी त्या फटींत कापूस आणि राळ ठासून भरावी लागते. त्यांच्या घरात हे काम रामाचं. सगळं भरून झालं होतं, तळाजवळची एक फट राहिली होती. तेवढ्यात मित्राकडच्या बारशाचं बोलावणं आलं. "मनात म्हटला, इल्यावर भरतंय. इलंय आणि इसारलंय. दुसऱ्या दिवशी जयराम विचारल्यान, दादा, होडयेचा झाला? आळस इलो माका. मी म्हटलंय, झाला."

तो पुढे म्हणाला, "आयेन तुमका विचारूक सांगल्यान तेव्हा मी गप ऱ्हवलंय. उजवी पडली तेव्हा माका बरा वाटला, दाजीनू. माझा नाव येवक नाय म्हणान बरा वाटला. आता शालू रातदीस आयेक हाक मारता आणि माका जेवण जाणा नाय." मग त्यानं तांब्या माझ्यापुढे सरकवला. "कौल लावा. सांगू काय नको सांगू, देवाक विचारा."

प्रश्न पुढचाच होता. बाबांच्या नियमात बसणारा होता. मी पाकळी उचललीही. पण ह्याला काय करायचं ते चांगलं ठाऊक होतं, आणि मलाही. मी पाकळी तांब्यात परत टाकली. आधी त्याचा संताप आला होता, तो ओसरला, कारण हिशेब सरळ होता. त्यानं फट ठेवली आणि मी प्रश्न विचारला. सुभद्रेला आम्ही दोघांनी मिळून तरीवर चढवलं होतं.

मी म्हटलं, "सकाळी आचऱ्याक जावया. पयलो तिका सांग."

उजाडताना निघालो आणि दुपारपर्यंत पोचलो. सुभद्रा अंगणात बांगडे सुकत घालत होती. आम्हाला पाहून तिनं हात धुतले, पाणी आणून दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शालू बरी आसा?"

रामा उभा होता तिथंच खाली बसला आणि सगळं बोलून गेला. मध्ये थांबला नाही. बोलून झाल्यावर आता ही किंकाळी फोडेल, शिव्या देईल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. ती म्हणाली, "माका ठावक आसा, भावजी."

रामानं मान वर केली.

"त्या सकाळी होडी उतरवताना मी थंय होतंय. तळाक पाणी लागला ता माका दिसला. म्हणान मी हाक मारलंय त्यांका. ते म्हणाले, दादान भरल्यान आसा, तू गप ऱ्हव. दादान म्हटल्यान म्हटल्यावर ते कोणाचा आयकणारे नाय."

मी विचारलं, "मगे देवळात कित्याक बोलाक नाय तू?"

"बोलान काय झाला असता? घोव गेलो तो गेलो. भावजींका वाडयेन जगूक दिला नसता. मगे म्हातारेक कोण बघतलो? माझ्या चेडवाक कोण जेवूक घालतलो?" एवढं बोलली आणि मग तिचा आवाज गेला. पदर तोंडात धरून ती इतकी रडली, की आतून तिची आई धावत आली.

आयुष्यात मी पुष्कळ गाऱ्हाणी ऐकली. देवाला घाबरून माणसं खरं बोलतात तसं खोटंही बोलतात. पण दुसऱ्याच्या घराच्या चुलीतला विस्तव विझू नये म्हणून स्वतःच्या कपाळी पाप घेऊन गप्प उभी राहिलेली बाई मी ती एकच पाहिली. आणि तिला मी पाकळीनं तोललं होतं.

परत यायला ती तयार झाली, पण एका अटीवर. "माझा चेडू माका होया. पण म्हातारेक काय सांगूचा नाय. तिचो एक झील दर्यान नेल्यान. दुसरो मी नेवचंय नाय." आता खरं न सांगता दिलेला कौल कसा फिरवायचा? वाट एकच होती. गुरव चुकला असं गुरवानंच सांगायचं. रामाला मी बजावलं, की तू तोंड उघडू नकोस.

त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी सगळं गाव देवळात होतं. आनंदी शालूला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. सुभद्रा माझ्या सांगण्यावरून आदल्या दिवशी येऊन आमच्याकडे उतरली होती, ती दाराशी उभी राहिली. तिला पाहताच शालू आजीच्या हातातून सुटली आणि जाऊन आईच्या पायांना चिकटली. कुजबुज सुरू झाली. मी पाकळ्या न घेता उभा राहिलो आणि गाऱ्हाणं घातलं, "बा रवळनाथा, माझ्या बापसान घालून दिलेलो नियम मी मोडलंय. विचारूचा नाय ता विचारलंय. त्या कौलाचो दोष माझो. ह्या पोरीचो न्हय."

कोणीही 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही.

आबा उठले. म्हणाले, "दिलेलो कौल फिरना नाय, दाजी. आणि फिरत असात तर तुझ्या हातच्या पाकळेक गाव फुडे मानूचा नाय. इचार कर."

मी म्हटलं, "मानू नको." त्या दिवसापासून कौल लावायचं काम चुलत्याच्या मुलाकडे गेलं. माझ्याकडे झाडलोट आणि दिवा राहिला, तो सहा वर्षं, मग पाकळी परत माझ्या हाती आली. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. जत्रेला लोक समोरून जायचे आणि त्याच्या पाया पडायचे. पण त्या सहा वर्षांत मला झोप चांगली लागली.

त्या सकाळी मात्र प्रकरण एवढ्यावर संपलं नाही. आनंदी काठीवर भार देऊन उठली. "हिच्या कर्मान गेलो नाय म्हणतंस. मगे माझो झील कोणाच्या कर्मान गेलो? आता ता सांग. माका कायतरी सांगशात का नाय कोणी?"

बाबांनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. पण मूल गेलेल्या बाईला मागचं विचारू नको असं कसं सांगायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. सुभद्रा मागून मान हलवत होती, नको, नको. ती मान रामासाठी होती, कारण रामा पुढे आला होता.

"आये," तो म्हणाला, "माझ्या. एक फट भरूक नाय मी. आणि त्याका सांगलंय, झाला म्हणान."

म्हातारीला कळायला वेळ लागला. मग तिनं काठी टाकली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली. तो हलला नाही. कोणी अडवलं नाही, आबांनीसुद्धा नाही. मारता मारता तिच्या हातातली ताकद संपली आणि मुठीत त्याचा सदरा तेवढा राहिला. तशीच ती बराच वेळ त्याला धरून उभी होती. मग तिनं सुभद्रेकडे वळून पाहिलं.

"तुका ठावक होता?"

शालूच्या डोक्यावरचा सुभद्रेचा हात थांबला.

आबांनी घसा साफ केला. ते रामाचं काय करायचं ते सांगणार होते, सगळ्या गावाला ते ऐकायचं होतं. म्हातारीनं त्यांना हातानंच थांबवलं आणि रामाला विचारलं, "होडी खंय आसा?"

"रेतीत. पडली आसा तशीच."

"ती फट भरलंस?"

म्हातारी थांबली नाही.

"तीन महिने झाले. भरलंस काय ती?"

"नाय, आये."

"मगे हय उभो ऱ्हवान काय करतंस?" म्हातारी म्हणाली. "जा. भर जा. सुभद्रा, तू ह्याच्यावांगडा जा आणि बघ, नीट भरता काय." आणि तिनं शालूचं बोट आपल्या हातात घेतलं.